आवाज गेला, भोक राहिलं

भाऊ,

परवा परतूरला तुझी शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला माझी कांचन. मोंढ्याच्या बाजारातल्या आडत्यांपासून हमालांपर्यंत सगळं गाव आल्तं. एकेक जण उठायचा, माईक हातात घ्यायचा, ‘डॉक्टरसाहेब म्हणजे देवमाणूस’ म्हणायचा आणि रडायला लागायचा. मी रडले नाही. सख्खी बहीण असून डोळ्याला पदर कसा नाही, असं बायकांच्या मनात आलं असेल. येऊ दे.

मग मंठ्याकडची एक बाई उठली. सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. तिनं तुझ्या फोटोसमोर त्याच्या शर्टाची बटणं काढली आणि त्याला लोकांकडं वळवलं. गळ्याखालून पोटापर्यंत सरळ वण. “ही डॉक्टरसाहेबांची खूण,” ती म्हणाली. “मी न्हाईच म्हणून राह्यल्ते. म्हणलं, लेकरू खेळून राह्यलंय, खाऊन राह्यलंय, कशाला चिरायचं त्याला? पण ते ऐकेनात. सोता आमच्यासंगं मुंबईला आल्ते. आठ दिवस दवाखान्यात राह्यले.”

मंडपात हुंदके. खाली उतरून ती माझ्या पाया पडली. “तुमच्या भावानं माझं लेकरू वाचवलं, बाई.” मग तिची नजर कांचनकडं गेली. कांचनचे ओठ तुला माहीत आहेत, जांभळं खाल्ल्यासारखे. बाईनं मायेनं विचारलं, “पोरीला थंडी वाजून राह्यली का?”

कांचन हसली. “न्हाई मावशी, माझे ओठ असेच आहेत.”

तेव्हा ठरवलं की तुझ्याशी बोलायचं. इतकी वर्षं आपण लग्नाकार्यात भेटलो, पाऊसपाणी विचारलं, कपाशीला भाव काय लागला ते विचारलं. आता बोलते. आता तुला मधूनच उठून जाता येणार नाही.

चांगलं आहे ते आधी लिहिते, नाहीतर राहून जाईल. मी सातवी पास झाले तेव्हा आबांनी माझं नाव शाळेतून काढायचं ठरवलं होतं. पुढच्या वर्गाला शहागडला जावं लागायचं, हमरस्त्यानं, ट्रकांच्या वर्दळीतून. आबा म्हणाले, पोरीची जात, नको. तू औरंगाबादला डॉक्टरकीला होतास, सुट्टीला आल्तास. तू भांडला नाहीस. जेवायला बसला नाहीस, इतकंच. आईनं दोनदा ताट वाढलं, दोनदा उचललं. दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, “जाऊ दे तिला, पण हा जेवत न्हाई हे मला बघवत न्हाई.” मी दहावी झाले ती तुझ्या उपाशी पोटावर. हे लिहिता येतंय तेसुद्धा त्यामुळंच. म्हणून तुझ्यावर रागावताना मला दर वेळी आधी तुझे उपकार ओलांडावे लागतात. ते तुला माहीत होतं, आणि त्याचा तू फायदा घेतलास असं मला कधीकधी वाटतं.

कांचन झाली ती जालना जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी, ब्याऐंशी साली. अंगावर पिताना तिच्या कपाळावर घामाचे थेंब यायचे. थंडीच्या दिवसांत! दोन घोट घ्यायची, दमायची, झोपायची, आणि लगेच भुकेनं उठून रडायची. सासूबाई म्हणायच्या, पोर आळशी आहे. तीन महिन्यांची असताना तिला न्यूमोनिया झाला. छाती आत ओढली जात होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मी आणि तुझे दाजी तिला घेऊन परतूरला तुझ्याकडं आलो. तेव्हा तुझा दवाखाना दोन खोल्यांचा होता, स्टेशनच्या रस्त्याला.

तू तिला वाचवलंस. हेही लिहिते. दवाखाना बंद ठेवून तिच्याजवळ बसलास. सुई घालायला तिच्या हाताला शीर सापडेना, तर डोक्याच्या शिरेतून औषध दिलंस, आणि ते करताना तुझ्या डोळ्यातून पाणी गळत होतं. ती बरी झाल्यावर तू मला समोर बसवलंस आणि स्टेथोस्कोपच्या नळ्या माझ्या कानात घातल्यास. “ऐक.” मी ऐकलं. पीठ चाळताना चाळणीचा आवाज येतो ना, खर्र, खर्र, तसा. तिच्या एवढ्याशा छातीत कुणीतरी सारखं पीठ चाळत होतं.

“हृदयाच्या मधल्या पडद्याला भोक आहे, शोभे,” तू म्हणालास. “त्याच्यातून रक्त घुसतं, त्याचा हा आवाज.”

मी रडायला लागले, तर म्हणालास, “अगं, लहान लेकरांत असतं. पुष्कळांचं आपोआप बुजतं. नाहीच बुजलं तर मी नेतो मुंबईला. पण आत्ता न्हाई. एवढ्याशा जिवाला टेबलावर न्यायचं नसतं. वजन वाढू दे.”

दाजींनी विचारलं, “खर्चाचं काही असलं तर सांगा. त्याची काळजी करू नका.”

“खर्चाचं न्हाई दाजी. वजनाचं आहे.”

दीड वर्ष आम्ही तिचं वजन वाढायची वाट बघितली. तू थेंबांचं औषध द्यायचास, हृदयाला बळ यायला. दर महिन्याला मी तिला तुझ्याकडं आणायचे. मध्ये आणखी दोनदा न्यूमोनिया झाला. आणि मग एक नवल झालं. तिचा घाम थांबला. छातीतली घरघर थांबली. ती भाकरी कुस्करून खायला लागली, गालावर मांस आलं, अंगणात कोंबड्यांच्या मागं पळायला लागली. तू नळ्या लावल्यास, बराच वेळ ऐकलंस, आणि उठून असा ओरडलास की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

“बुजून राह्यलंय! शोभे, भोक बुजून राह्यलंय. आवाज बघ किती कमी झाला!”

मीही ऐकलं. चाळणी जवळजवळ थांबली होती. तू तिला खांद्यावर बसवून स्टेशनपर्यंत गेलास आणि येताना पेढे आणलेस. पेशंटांना वाटलेस, कंपाउंडरला दिलेस, समोरच्या सायकलवाल्याला दिलेस. आईला निरोप पाठवलास. आईनं नवस फेडला. आयुष्यात इतकी खुशी मला परत झाली नाही. त्या दिवसाची आठवण आली की आजही आधी आनंद होतो, मग कळतं की कशाचा आनंद. तेवढ्या एका क्षणासाठी मी तुला सगळ्यात जास्त बोल लावते.

ती पहिलीला असताना शाळेत तपासणीला डॉक्टर आल्ता. आमच्या जाफराबाद भागात नवीनच आलेला, मिसरूड फुटलेला. त्यानं सगळ्या पोरांना नळी लावली, कांचनला दोनदा लावली. मग शिपायाला पाठवून मला शाळेत बोलावून घेतलं. मी ऐटीत सांगितलं, हिला भोक होतं, पण बुजलं, माझा भाऊच डॉक्टर आहे.

तो म्हणाला, “ताई, आवाज नाही म्हणून भोक नाही असं नसतं. हिच्या हृदयाचा दुसरा ठोका फार जोरात पडतोय. मला ते बरं वाटत नाही. मुंबईला दाखवा. थांबू नका.”

मी दुसऱ्याच दिवशी परतूरला आले. तुला सांगितलं. तुझा चेहरा अजून दिसतो मला. “कुठला आहे तो? पास होऊन किती दिवस झाले त्याला?”

“ते मला काय माहीत? तू बघ ना एकदा.”

तू बघितलंस. भाऊ, तू फार वेळ ऐकलंस. एरवी तू पेशंटशी बोलत-बोलत नळी लावायचास. त्या दिवशी डोळे मिटले होतेस. तिला बसवून ऐकलंस, निजवून ऐकलंस, कुशीवर वळवून ऐकलंस. मग नळ्या गळ्यातून काढून टेबलावर ठेवल्यास आणि हात धुवायला गेलास. परत आलास तेव्हा हसत होतास.

“काही न्हाई. पोरगी ठणठणीत आहे. कालची पोरं पुस्तकं वाचून येतात अन् लोकांना भ्या दाखवतात.”

मी विश्वास ठेवला. कुणावर ठेवणार? माझ्यासाठी उपाशी राहिलेल्या भावावर, का मिसरूड फुटलेल्या परक्या पोरावर? तो डॉक्टर नंतर बदलून गेला. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं.

दहाव्या वर्षी कांचनची नखं निळी दिसायला लागली. शाळेतून येताना वाटेत दोन ठिकाणी बसायची. बोटांची टोकं फुगली. आता तुझ्यानंही ‘काही न्हाई’ म्हणवेना. तू आमच्यासंगं मुंबईला आलास. तिथं मांडीतून बारीक नळी घालून थेट हृदयापर्यंत नेली, आतला दाब मोजला. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीण बाईंनी आपल्याला बोलावलं. मला, दाजींना आणि तुला.

त्या बाईंनी मला कळेल असं सांगितलं. भोक मोठं होतं आणि ते कधीच बुजलं नव्हतं. त्यातून जोरानं रक्त फुप्फुसात घुसत राहिलं. तो मारा सोसून सोसून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कडक झाल्या. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला, म्हणून रक्त घुसायचं थांबलं, म्हणून आवाज थांबला. फुप्फुसात रक्त कमी जायला लागलं, म्हणून न्यूमोनिया थांबला, वजन वाढलं. आपल्याला वाटलं पोर बरी झाली. पोर हातची जात होती.

दाजी म्हणाले, “मंग आता शिवून टाका ना ते भोक.”

“आता नाही,” बाई म्हणाल्या. “आता ते भोक हीच तिच्या हृदयाची वाट आहे. ते बंद केलं तर हृदय चालणार नाही.”

“अन् आधी आणलं असतं तर?”

“पहिल्या-दुसऱ्या वर्षी आणली असती तर केलं असतं. धोका होता, पण केलं असतं.”

“अन् शाळेत गेली तेव्हा?” हे मी विचारलं.

“कदाचित. तपासून बघितलं असतं. सांगता येत नाही.”

तू भिंतीकडं बघत होतास. डॉक्टर होतास, तुला किती प्रश्न विचारता आले असते.

परतीच्या गाडीत कांचन खिडकीशी बसली होती. तिनं तुला विचारलं, “मामा, ऑपरेशन का न्हाई केलं?”

“गरज न्हाई म्हणाले.”

तिला इतका आनंद झाला, भाऊ. तिनं टाळ्या वाजवल्या. डब्यातल्या अनोळखी बाईला सांगितलं, माझं ऑपरेशन करायची गरजच न्हाई. मी संडासात जाऊन तोंडात पदर कोंबला.

त्या वर्षी मी भाऊबीजेला आले नाही. पुढच्या वर्षीही नाही. आई मध्ये पडली, तिला मी काही सांगितलं नाही. आई गेली त्या दहाव्याला घाटावर आपण दोघं एका दगडावर बसलो होतो. गोदावरीला पाणी कमी होतं. माझ्या मनात आलं, आता आई नाही, आता तिला ऐकू जायची भीती नाही. मी विचारलं, “भाऊ, शाळेतल्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तू इतका वेळ ऐकलंस. तुला तो ठोका ऐकू आल्ता का?”

तू म्हणालास, “गुरुजी बोलवून राह्यले,” आणि उठलास. गुरुजी खाली पिंड मांडत होते, त्यांनी मानही वर केली नव्हती.

बस्स, तेवढंच विचारायचं होतं. ऐकू आला नसेल, तर तुझं ज्ञान कमी पडलं. त्याला काय करणार? माणसाचं ज्ञान कमी पडतं. पण ऐकू आला असेल, तर?

दहावीनंतर कांचन तुझ्याकडं राहायला गेली. मला नको होतं. पण आमच्या वस्तीपासून गाडीच्या रस्त्यापर्यंतसुद्धा तिला चालवेना, आणि शिकायचं तर होतं. परतूरला कॉलेज तुझ्या घरामागंच. ती म्हणाली, मामाकडं जाते. तिथं ती बारावी झाली, आणि मग तुझ्या दवाखान्यात बसायला लागली. नंबर लावायचे, लहान पोरांना मांडीवर धरायचं, रडणाऱ्याला गप्प करायचं. सुट्टीला घरी आली की मामा असं, मामा तसं. तू लोकांच्या पोरांच्या छात्या किती वेळ ऐकतोस ते सांगायची. सर्दीसाठी आलेल्या लेकरालाही उघडं करून ऐकायचास म्हणे. जरा शंका आली की औरंगाबादला पाठवायचास. कित्येक पोरांना काही निघायचं नाही, आईबाप चिडायचे, ‘डॉक्टरला याड लागलंय’ म्हणायचे. तू पुन्हा पाठवायचास. तरीही जात नसले तर सोबत जायचास.

सगळं गाव त्याला तुझी पुण्याई म्हणतं. मला त्यात माझी पोर दिसते. त्या मंठ्याच्या लेकराच्या छातीवरचा वण माझ्या कांचनच्या छातीवर असायला पाहिजे होता. तिच्यावर शिकलास तू, आणि मग सगळ्यांना वाचवलंस. त्या लेकराला आयुष्य मिळो, माझं त्याच्याशी वैर नाही. पण त्या मंडपात सगळे तुझे आभार मानत असताना कुणी एकानंही माझ्या पोरीचे मानले नाहीत.

सभेनंतर घरी आलो. वहिनी तांदूळ निवडत बसली होती. खाली बघतच म्हणाली, “तुमचा राग मला माहीत आहे वन्सं. पण एक सांगते.” तिनं सांगितलं की कांचन व्हायच्या आधी, तू नवीन दवाखाना टाकलास तेव्हा, असंच हृदयाला भोक असलेलं एक लेकरू तू मुंबईला नेलं होतंस. ते टेबलावरच गेलं. बाप ते मांडीवर घेऊन जीपनं परत आला आणि पूर्ण रस्ता तू त्याच्या शेजारी बसला होतास. बाप रडला नाही, फक्त अधूनमधून विचारायचा, “साहेब, घरी खेळून राह्यल्तं ना हे?” त्यानंतर तू महिनाभर नीट झोपला नाहीस, असं वहिनी म्हणाली. “कांचनला न्यायचं नाव काढलं की ह्यांचे हातपाय गार पडायचे.”

वीस-बावीस वर्षं ही गोष्ट वहिनीपाशी होती. मला का नाही सांगितलीस? मी समजून घेतलं असतं, असं नाही म्हणत. पण भ्यालेला भाऊ मला माहीत तरी झाला असता. मला तू फक्त हसणारा भाऊ दाखवलास, हात धुवून आलेला.

मग दुपारी मी आणि कांचन तुझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. कुलूप लावलेलं. तिला दोन पायऱ्या चढून दम लागल्ता, म्हणून बसलो. मी म्हणाले, “चल आता घरी. इथं काय राह्यलं?”

ती म्हणाली, “मामींना एकटं कसं सोडू?” मग कुलपाकडं बघत, “आई, तुला एक सांगू? मामानं मला सांगितलं होतं सगळं. बारावीत होते तेव्हा.”

“काय सांगितलं?”

“शाळेतल्या डॉक्टरचं. म्हणाले, मला तो ठोका ऐकू आल्ता. मला समजलं होतं. पण मला वाटलं, आता कळवून न्यावं अन् पोरगी टेबलावर गेली तर? त्यापेक्षा जितके दिवस खेळेल तितके खेळू दे. असं म्हणले. अन् लई रडले, आई. माझे पाय धरायला लागले.”

“मंग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? म्हणलं, जाऊ द्या मामा.”

“जाऊ द्या?”

“मंग काय म्हणायला पाहिजे होतं मी?” तिनं शांतपणे विचारलं. “आई, मला माहीत आहे मला किती दिवस आहेत. ते दिवस मी मामावर चिडून घालवू?”

ती माझ्यापेक्षा मोठी झालीय, आणि ते तिला व्हावं लागलं, कारण तिच्याकडं म्हातारं व्हायला वेळ नाही.

तर तुला ऐकू आल्तं. उत्तर मिळालं मला. तुझ्या तोंडून नाही, पण मिळालं. तू आपल्या भीतीसाठी माझ्या पोरीचं आयुष्य ठरवून टाकलंस, तिच्या आईबापाला न विचारता. कदाचित तिला मुंबईला नेऊनही उशीरच झाला असता. कदाचित ती टेबलावर गेली असती आणि मी तुला त्याचाही बोल लावला असता. पण ते ठरवायचा हक्क आमचा होता. मी निरक्षर नव्हते, भाऊ. तूच मला शिकवलं होतंस.

आणि आता तू तिच्या आधी गेलास. सुटलास. तिचा शेवट तुला बघावा लागेल, असं मला वाटायचं. कडू बोलते, पण खरं बोलते, त्या विचारावर मी कितीतरी दिवस काढले. आता तो तुझ्याशिवाय मी बघायचा. तिला रक्ताची गुळणी आली, दम लागला, तर फोन कुणाला करायचा? त्या क्षणी मला आठवणार आहेस तूच, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

माफी मागितलीस तू. पण कुणाकडं? सतरा वर्षांच्या पोरीकडं. तुझ्या घरात राहणारी, तुझ्या ताटातलं खाणारी, मामाशिवाय दुसरं दैवत नसलेली पोर. ती ‘जाऊ द्या’ म्हणणार हे तुला ठाऊक होतं. माझ्याकडं आला नाहीस, कारण मी म्हणणार नव्हते.

बराबर ओळखलंस. नसतेच म्हणाले. अंगणातून परत पाठवलं असतं तुला, पाणीसुद्धा विचारलं नसतं. दुसऱ्यांदा आला असतास तरी दार लावून घेतलं असतं. तिसऱ्यांदाचं मात्र मला सांगता येत नाही. तू यायला पाहिजे होतंस, भाऊ. परतूरहून जाफराबादला यायला जालन्यात फक्त एक गाडी बदलावी लागते.